बापाच्या तोंडांत वाढणारीं पिल्लें

सेलेबीझ बेटास आतां सुलावेसी म्हणतात. नकाशांत तें चारी बाजूंस तंगड्या पसरलेल्या कोळ्यासारखें दिसतें. त्याच्या पूर्वेस लहानमोठ्या बेटांचा एक पुंजका आहे. तोच बांगाई द्वीपसमूह. आणखी पूर्वेस गेलें कीं मलुक्का बेटें लागतात. ज्या लवंगेवांचून आपल्या घरांतील मसाल्याचा डबा पुरा होत नाहीं, ती लवंग मूळची तिकडचीच. तिच्या लोभानें पोर्तुगीज आले, डच आले, आणि या समुद्रांत त्यांनीं एकमेकांशीं व तेथील सुलतानांशीं पुष्कळ झुंजा केल्या. इतकी जहाजें येऊन गेलीं, परंतु बांगाईच्या कमरभर पाण्यांत थव्यांनीं राहणाऱ्या एका बोटभर माशाकडे त्यांतील कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं. तो खाण्याच्या उपयोगाचा नव्हता, हें त्याचें एक कारण असावें. या माशाचा अलीकडचा इतिहास म्हणजे तो माणसाच्या नजरेस कसा पडला, घरोघरच्या काचेच्या पेट्यांत कसा वाढूं लागला, आणि तरीही त्याच्या स्वतःच्या समुद्रांत कसा कमी होत गेला, याचाच इतिहास होय.

वॉल्टर कौडर्न या स्वीडिश संशोधकानें १९१७ ते १९२० या काळांत सेलेबीझमध्यें प्रवास केला. त्याची कीर्ति मुख्यतः मानववंशशास्त्रज्ञ म्हणून आहे. तेथील लोकांचीं घरें, खेळ, वाद्यें यांवर त्यानें अनेक खंड लिहिले. तथापि तो प्राणिशास्त्रही शिकलेला असल्यामुळें जातां जातां प्राण्यांचे नमुनेही गोळा करी. १९२० सालीं बांगाई बेटापाशीं त्यानें एक चमत्कारिक मासा मिळवून मद्यार्काच्या बाटलींत ठेवला. ती बाटली युरोपास गेली, आणि १९३३ सालीं हॉलंडमधील लायडनच्या संग्रहालयाचे मत्स्यशास्त्रज्ञ कौमान्स यांनीं त्या माशाचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. संशोधकाच्या सन्मानार्थ त्यांनीं त्यास ‘टेरापोगॉन कौडर्नी’ असें नांव दिलें. त्यानंतर साठ वर्षें या नांवापलीकडे जगास त्याची फारशी माहिती नव्हती.

हा मासा कार्डिनल माशांच्या कुळांतला. या कुळांतील पुष्कळ जाती तांबड्या रंगाच्या असल्यानें रोमन कॅथलिक पंथांतील तांबडा झगा घालणाऱ्या धर्माधिकाऱ्यांवरून कुळास हें नांव पडलें. बांगाईचा मासा मात्र तांबडा मुळींच नाहीं. त्याचें अंग रुपेरी असून त्यावर तीन काळे उभे पट्टे असतात. शेपटी कात्रीच्या पात्यांसारखी दुभागलेली, पाठीवरील व पोटाखालील पर लांब व झुबकेदार, आणि त्या सर्वांवर पांढरे ठिपके शिंपडलेले. मद्यार्कांत पडून राहिलेल्या माशाच्या अंगीं हें तेज कोठून राहणार! म्हणूनच १९३३ चें वर्णन वाचून कोणासही त्या बेटांकडे धांव घ्यावीशी वाटली नाहीं.

१९९४ सालीं मत्स्यशास्त्रज्ञ जेराल्ड ॲलन व त्यांचे सहकारी रॉजर स्टीन हे बांगाईस गेले. त्यांनीं हा मासा पाण्याखालीं जिवंत पाहिला, त्याचीं छायाचित्रें घेतलीं आणि १९९५ सालीं त्याच्या राहणीचें वर्णन प्रसिद्ध केलें. बातमी पसरण्यास वेळ लागला नाहीं. एकदोन वर्षांच्या आंत अमेरिका, युरोप व जपान येथील शोभेच्या माशांच्या दुकानांतून बांगाईचे मासे दिसूं लागले. आरंभीं ते अतिशय महाग होते. बेटावरील कोळ्याच्या हातीं मात्र एका माशामागें अगदीं क्षुल्लक रक्कम पडे.

घरांत खाऱ्या पाण्याचें मत्स्यपालन करण्याचा नाद त्या वेळीं कांहीं नवा नव्हता. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें, आणि त्यास ज्यांचें साहाय्य झालें त्या फिलिप गॉस यांनीं पुढल्याच वर्षीं कृत्रिम समुद्रपाणी तयार करण्याची कृतीही छापली. तरी शंभर वर्षें हा नाद म्हणजे मासे आणावयाचे, कांहीं महिने पाहावयाचे आणि मेले कीं दुसरे आणावयाचे, असाच बहुधा होता. १९६१ सालीं जाकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थांनीं समुद्रांतील जिवंत खडक व हवेचे बुडबुडे एवढ्यावरच घरच्या पेटींत प्रवाळ व मासे जगवून दाखविले. पुढें पेट्यांतील पाणी अधिक काळ शुद्ध राखण्याचीं साधनें निघालीं, आणि मग मासे नुसते जगवावयाचे नव्हे तर त्यांची पैदासही घरींच करावयाची, असा विचार हौशी लोकांच्या मनांत येऊं लागला.

त्यांत अडचण अशी कीं, प्रवाळांतील बहुतेक मासे आपलीं अंडीं किंवा नुकतीं फुटलेलीं पिल्लें समुद्राच्या प्रवाहावर सोडून देतात. हीं पिल्लें धुळीच्या कणाएवढीं, डोळ्यांना दिसतीं न दिसतीं. कित्येक आठवडे तीं उघड्या समुद्रांत वाहत राहतात, आणि त्यांतील हजारांत एखादें पुन्हां प्रवाळास लागतें. इतक्या सूक्ष्म तोंडांत जाईल असें खाद्य घरीं तयार करावयाचें, तर आधीं हिरवें शैवाल वाढवावें लागतें, त्यावर रोटिफर नांवाचे सूक्ष्म जीव पोसावे लागतात, आणि मग ते जीव पिल्लांस घालावयाचे! एका माशासाठीं तीन प्रकारची शेती. विदूषक मासा, म्हणजे समुद्रपुष्पांत राहणारा नारिंगी-पांढरा क्लाऊनफिश, याची पैदास १९७० नंतरच्या दशकांत फ्लॉरिडांत व्यापारी प्रमाणावर होऊं लागली, तीही असल्याच खटाटोपानें. घरच्या माणसांनीं इतकें करणें म्हणजे खरोखर तपश्चर्याच.

बांगाईच्या माशानें हा सारा खटाटोप वांचविला. कार्डिनल कुळांत अंडीं तोंडांत धरण्याचें काम नराकडे असतें. परंतु इतर जातींत तीं अंडीं बारीक व संख्येनें पुष्कळ असतात, आणि थोड्याच दिवसांत फुटून पिल्लें प्रवाहावर जातात. बांगाईची मादी फार थोडीं अंडीं घालते. एका वेळीं साधारण पन्नासच्या आसपास, क्वचित् नव्वदपर्यंत. पण प्रत्येक अंडें बाजरीच्या दाण्याएवढें. तीं एकमेकांस चिकटलेल्या एका पुंजक्याच्या रूपानें बाहेर पडतात, आणि नर तो पुंजका लगेच तोंडांत घेतो. सुमारे वीस दिवस तो अंडीं तोंडांत बाळगतो. तीं फुटल्यावरही पिल्लांस सोडीत नाहीं. आणखी सुमारे दहा दिवस तीं त्याच्या जबड्यांतच वाढतात. या सबंध काळांत त्यास खातां येत नाहीं. आपल्याकडील कडकडीत उपास करणारे एकादशीस एक दिवस खात नाहींत, आणि त्याची दुसऱ्या दिवशीं द्वादशीस भरपाई करतात. या माशाचा उपास महिनाभर चालतो, आणि मुलांच्या अंगावर मांस चढतें तसतसें बापाच्या अंगावरचें उतरतें. महिन्याच्या शेवटीं तोंडांतून जीं बाहेर पडतात तीं धुळीचे कण नसून आठ मिलिमीटर लांबीचे, पट्टे, ठिपके व लांब पर असलेले पुरे मासेच असतात. वाहत जाण्याची अवस्था त्यांस नाहींच.

यापुढें मात्र बापाचें कर्तव्य संपतें. भुकेलेला नर स्वतःच्या पिल्लांस ओळखील अशी खात्री नसते, आणि थव्यांतील इतर मोठे मासे तीं मिळाल्यास खुशाल खातात. म्हणून पिल्लें बाहेर पडतांच आडोसा शोधतात. बांगाईच्या समुद्रांत तो आडोसा म्हणजे साळिंदरासारखे लांब, काळे, विषारी कांटे असलेला एक गोल समुद्रप्राणी. त्यास अर्चिन म्हणतात. कांट्यांच्या त्या गर्दींत काळे पट्टे असलेलीं पिल्लें शिरलीं कीं दिसेनाशीं होतात. कित्येकदां तीं समुद्रपुष्पांच्या आश्रयासही राहतात.

हा क्रम अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांतील कॅम्डन येथील मत्स्यालयांत आलेहांद्रो वाजेली यांनीं बारकाईनें पाहिला व १९९९ सालीं प्रसिद्ध केला. परंतु घरच्या पेट्यांतून त्यापूर्वींच पिल्लें जन्मूं लागलीं होतीं, आणि १९९६ च्या सुमारास हौशी पालक आपले अनुभव आपल्या लहानशा मासिकांतून छापूं लागले होते. या कामीं शास्त्रज्ञ व घरगुती पालक जवळ जवळ एकाच वेळीं शिकत होते, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

पहिली अडचण जोडप्याचीच. नर व मादी वरून ओळखूं येत नाहींत. दोन नर एका पेटींत पडले तर दुबळ्याचा जीव जातो. म्हणून अनुभवी पालक पांचसहा लहान मासे एकत्र वाढवीत, आणि त्यांतील दोघे एका कोपऱ्यांत ठाण मांडून इतरांस हांकलूं लागले म्हणजे जोडी जमली असें समजून बाकीच्यांस दुसरीकडे हलवीत. जोडी जमविण्याचा हा मार्ग माणसांच्या मध्यस्थांस रुचणार नाहीं, पण माशांत तोच बरा ठरला. यानंतर नराचा गळा फुगलेला दिसला व तो खाद्याकडे पाठ फिरवूं लागला म्हणजे दिवस मोजावयास आरंभ करावयाचा. पहिल्या एकदोन खेपांस तरुण नर बहुधा चारआठ दिवसांत अंडीं गिळून टाकी. नवशिके पालक निराश होत. जुने म्हणत, त्यास शिकूं द्या. भरल्या तोंडाचा नर दुसऱ्या पेटींत हलवावा कीं नाहीं याविषयीं मतभेद होता. न हलवावा तर पिल्लें मोठ्या पेटींत सुटून खाल्लीं जातात; हलवावा तर घाबरून तो मुदतीपूर्वींच सारें थुंकून देतो. दोन्ही बाजूंस आपापले अनुभव होते, त्यामुळें हा वाद अर्थातच मिटला नाहीं. बहुतेकांनीं मधला मार्ग धरला: शेवटच्या आठवड्यांत, रात्रीं, अंधारांत, जाळ्यानें न उचलतां पाण्यासकट भांड्यांत घेऊन हलवावयाचा.

दुसरी अडचण आडोशाची. घरांत खऱ्या अर्चिनची जोपासना कठीण. तेव्हां तारा बांधावयाच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या एका गोळ्यांत खोंचून लोकांनीं खोटे अर्चिन तयार केले. आश्चर्य असें कीं पिल्लांस ते चालले! जन्मतः काळ्या कांट्यांकडे धांवण्याची त्यांची बुद्धि खऱ्याखोट्याचा भेद करीत नव्हती.

तिसरी अडचण खाण्याची, आणि येथेंच खरा धडा होता. पिल्लांचें तोंड मोठें असल्यामुळें रोटिफरची गरज नव्हती. आर्टेमिया पुरे होत. आर्टेमिया हा मिठागरांतील अतिखाऱ्या पाण्यांत राहणारा, कोळंबीच्या दूरच्या नात्यांतला बारीक जीव. मुंबईंत वडाळ्याच्या मिठागरांतही त्याची नोंद झालेली आहे. त्याचीं अंडीं सुकवून डब्यांत भरलीं तर वर्षानुवर्षें टिकतात, आणि कोमट खाऱ्या पाण्यांत हवेचे बुडबुडे सोडून ठेवलीं तर एका दिवसांत फुटतात. घरगुती पालकास यापरतें सोयीचें काय असणार? पिल्लें तीं आवडीनें खात, पोटें तांबूस व टच्च भरलेलीं दिसत, आणि पालक निर्धास्त होत. मग एखाद्या रात्रीं खोलींतला दिवा एकदम लागे, अथवा पेटीच्या काचेस धक्का लागे, आणि दोनतीन आठवड्यांचीं धष्टपुष्ट दिसणारीं पिल्लें तडफडून, वेडींवांकडीं होऊन तळाशीं पडत. कांहीं पुन्हां उठत. पुष्कळ उठत नसत.

या विकारास पालकांनीं ‘भीतीचा झटका’ अशा अर्थाचें नांव दिलें. प्रथम पाण्यावर संशय घेतला गेला, मग रोगावर. शेवटीं ध्यानांत आलें कीं पोटभर खाऊनही हीं पिल्लें उपाशीं होतीं. समुद्रांतील सूक्ष्म जीवांत कांहीं विशिष्ट तैलाम्लें असतात. माशाचा मेंदू व मज्जातंतू घडण्यास तीं लागतात, आणि सागरी माशांस तीं आपल्या शरीरांत पुरेशीं तयार करतां येत नाहींत. आर्टेमियांत तीं नसल्यासारखींच असतात. शिवाय आर्टेमियाचें पिल्लू फुटल्यापासून तासागणिक स्वतःची शिदोरी खाऊन पोकळ होत जातें. काल फुटलेलें आज घातलें तर तो नुसता कोंडाच. यावर उपाय असा निघाला कीं आर्टेमिया थोडें मोठें होऊन खाऊं लागलें म्हणजे त्यास माशाच्या तेलाचें बारीक दुधट मिश्रण चारावयाचें, व मग तें पिल्लांस घालावयाचें. म्हणजे पिल्लांच्या खाद्यासच आधीं जेवूं घालावयाचें! हा उपाय मत्स्यशेतीच्या कारखान्यांतून आधीच ठाऊक होता. घरच्या पालकांनीं तो उचलला, आणि पिल्लें दिव्यास भिऊन मरण्याचें पुष्कळच कमी झालें. तीनचार महिन्यांत तीं दुसऱ्यांस देण्याजोगीं होत, आणि वर्षाच्या आंत त्यांतील नर स्वतःच तोंड भरून बसत.

इतका सुलभ मासा सांपडल्यावर समुद्रांतील माशास अभय मिळावें अशी कोणाचीही अपेक्षा असणार. घडलें तें उलट. पेटींतील पिल्लास महिनोन्‌महिने खाऊं घालावें लागतें, वीज लागते, माणसाचा वेळ लागतो; बांगाईच्या किनाऱ्यावरील मासा कोळ्यास केवळ जाळें टाकून मिळतो. तो विमानानें अमेरिकेस नेला तरी घरच्या पिल्लापेक्षां स्वस्त पडे. वाटेंत कितीएक मरत, पण मेलेल्यांची किंमतच इतकी थोडी कीं व्यापाऱ्यास त्याचें कांहीं वाटत नसे. २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत दरसाल सहा ते सात लाख मासे तेथून पकडले जात असा अंदाज होता. आणि २००७ च्या सुमारास समुद्रांत एकंदर मासे होते सुमारे चोवीस लाख. त्यांच्या वस्तीची सारी जागा एकत्र केली तर ती जेमतेम तीस-पस्तीस चौरस किलोमीटर भरत होती.

ज्या गुणामुळें हा मासा घरीं सहज वाढतो, तोच गुण समुद्रांत त्याच्या मुळावर आला. इतर माशांचीं पिल्लें वाहत जातात म्हणून एका प्रवाळावरील मासे संपले तरी दुसरीकडून नवी भर येते. बांगाईचीं पिल्लें जेथें जन्मतात तेथेंच मरतात. चारपांच किलोमीटर अंतरावरील दोन वस्त्यांतले मासेही रक्तानें वेगळे असतात, असें २००५ च्या सुमारास झालेल्या आनुवंशिक तपासणींत आढळलें. एका खाडींतील थवा सगळाच्या सगळा उचलला कीं ती खाडी रिकामी झाली. शेजारच्या खाडींतून कोणी येत नाहीं. त्यांत भर अशी कीं ज्या अर्चिनांच्या व समुद्रपुष्पांच्या आश्रयानें हा मासा राहतो, त्यांचीही तेथें खाण्यासाठीं व इतर कारणांनीं लूट होऊं लागली. बेटावरील गरीब कोळ्यास यांत दोष देणें सोपें आहे. पण ज्या भावानें तो मासा विकला गेला तो भाव कोळ्यानें ठरविला नव्हता.

२००७ सालीं आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें हा मासा धोक्यांतील प्राण्यांच्या यादींत घातला. त्याच वर्षीं हेग येथील परिषदेंत अमेरिकेनें त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध घालण्याचा प्रस्ताव आणला. इंडोनेशियाच्या विरोधामुळें तो मागें घ्यावा लागला. २०१६ सालीं जोहान्सबर्ग येथें युरोपीय संघानें तसाच प्रयत्न केला, तोही तडीस गेला नाहीं. इंडोनेशियाचें म्हणणें असें कीं हा आमच्या लोकांच्या पोटाचा प्रश्न असून बंदोबस्त आम्ही आमचा करूं. हें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. फक्त बंदोबस्त होण्यास वेळ फार लागला.

मध्यंतरी घरगुती पिल्लांचा भाव एका निराळ्याच कारणानें वधारला. समुद्रांतून आलेले मासे दुकानांत पोंचल्यावर खाणें सोडीत, काळवंडत आणि मरत. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या तपासणींत हा एका विषाणूचा रोग असल्याचें ठरलें. ज्यांनीं पूर्वीं चार पैसे वांचविण्यासाठीं रानटी मासा घेतला होता, तेच आतां घरीं जन्मलेल्याची चौकशी करूं लागले. रोगानें जें साधलें तें उपदेशानें साधलें नव्हतें. पुढें थायलंडमध्येंही या माशाची मोठ्या प्रमाणावर पैदास सुरू झाली. वाजेली यांनीं २०११ सालीं या एकाच माशावर संपूर्ण ग्रंथ लिहिला; त्यांत पैदाशीबरोबरच बांगाईच्या खाड्यांतील हानीचाही हिशेब आहे.

घरीं वाढलेलीं पिल्लें नेऊन रिकाम्या खाड्यांत सोडावीं, असें सहज मनांत येतें. पण कोणत्या खाडींतील वंश कोणत्या पेटींत गेला याची नोंद बहुतेकांपाशीं नाहीं, आणि पेटींतील रोग समुद्रांत नेण्याचें भय निराळेंच. सुलावेसीच्या उत्तर टोंकास लेंबेह सामुद्रधुनींत व्यापाऱ्यांच्या हातून २००० च्या सुमारास कांहीं मासे सुटले. त्यांची तेथें चांगली वाढ झाली. पाणबुडे प्रवासी त्यांचीं छायाचित्रें घेण्यासाठीं दुरून येतात. मूळच्या घरीं विरळ झालेला मासा परक्या ठिकाणीं असा सुखानें नांदतो आहे.

२०१६ च्या आरंभीं अमेरिकेनें आपल्या कायद्याखालीं या माशास संकटग्रस्त ठरविलें. २०१८ सालीं इंडोनेशियाच्या मत्स्यखात्यानें बांगाईच्या पाण्यांत त्यास मर्यादित संरक्षण दिलें: फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या चार महिन्यांत, म्हणजे नरांच्या तोंडांत पिल्लें असण्याच्या मुख्य हंगामांत, त्यास पकडावयाचें नाहीं. उरलेल्या आठ महिन्यांत तो पकडण्यास मोकळीक आहे.